आंबोनच्या आखाताचा तळ

इंडोनेशियाच्या पूर्व भागातील मोलुक्का द्वीपसमूहात आंबोन नावाचे एक लहानसे बेट आहे. भारतीय स्वयंपाकघरातील लवंगेच्या इतिहासाशी या बेटाचा निकटचा संबंध आहे. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीने लवंगेची लागवड मुख्यतः आंबोन व त्याच्या शेजारची बेटे एवढ्यापुरतीच मर्यादित करून टाकली आणि त्या एका मसाल्याच्या बळावर अपार द्रव्य मिळविले. बेटाची घडण मोठी विलक्षण आहे. उत्तरेकडील हिटू आणि दक्षिणेकडील लायटिमोर हे डोंगराळ भूमीचे दोन लांबट तुकडे एका चिंचोळ्या पट्टीने जोडले गेले असून त्या दोहोंच्या मध्ये समुद्र आत शिरला आहे. हेच आंबोनचे आखात. त्याचेही दोन भाग पडतात. बाहेरचे आखात रुंद असून मुखाकडे अतिशय खोल होत जाते. आतले आखात सुमारे ४० मीटरच खोल आहे. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद व उथळ उंबरठा असून तेथे पाण्याची खोली १२ मीटरांच्या आसपास भरते. या उंबरठ्याचे महत्त्व पुढे ध्यानात येईल.

बाहेरच्या आखाताच्या उत्तर काठावर लाहा हे गाव आहे. तेथे मासेमारीच्या नौका नांगर टाकून उभ्या असतात आणि जवळच बेटाचा विमानतळ आहे. या गावालगतचा समुद्रतळ पाहिला तर त्यात प्रथमदर्शनी डोळ्यांना सुखविणारे काहीही नाही. काळसर वाळू व मऊ गाळ यांचा उतार, त्यावर पोवळ्यांचे तुटके तुकडे, कुजलेली पाने, नारळाच्या करवंट्या, बाटल्या, दोरखंड आणि फाटकी जाळी, असे त्याचे स्वरूप आहे. तथापि याच तळावर बुडी मारण्यासाठी दूरदूरच्या देशांतून माणसे येतात. एरवी पाणबुड्यांना जे हवे असते ते स्वच्छ पाणी, रंगीत पोवळ्यांची बने आणि मोठमोठ्या माशांचे थवे येथे त्यांना नको असतात. त्यांना पाहावयाचे असतात ते बोटाच्या पेरापासून मुठीएवढ्या आकाराचे, गाळात दडून राहणारे आणि क्वचितच दृष्टीस पडणारे जीव. या प्रकाराला ‘गाळातील बुडी’ असे म्हणता येईल. त्याचे आज रूढ झालेले ‘मक डायव्हिंग’ हे नाव बॉब हॅल्स्टेड या पाणबुड्याने १९८० नंतरच्या दशकात पापुआ न्यू गिनीतील मिल्न उपसागरात प्रथम वापरले. तेथेही किनाऱ्यालगतच्या साध्या काळ्या वाळूत त्याला असेच अनपेक्षित जीव आढळले होते.

आंधळा निसर्गशास्त्रज्ञ

नाव नवे असले तरी आंबोनच्या तळाविषयीचे कुतूहल नवे नाही. गेओर्ग एबरहार्ड रुम्फिउस हा जर्मन गृहस्थ कंपनीच्या नोकरीत १६५४ मध्ये आंबोनला आला आणि १७०२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. व्यापाराची हिशेबवही सांभाळता सांभाळता त्याने बेटावरील वनस्पती, शंखशिंपले, खेकडे, समुद्रकाकड्या आणि खनिजे यांची टिपणे ठेवण्यास आरंभ केला. स्थानिक कोळी व बागाईतदार यांच्याकडून तो प्रत्येक जीवाचे नाव, त्याची राहण्याची जागा आणि त्याचा उपयोग विचारून घेई. ग्रंथांतून वाचलेल्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले आणि माहीतगाराने सांगितलेले अधिक विश्वसनीय, ही त्याची वृत्ती त्या काळात दुर्मीळच म्हटली पाहिजे.

त्याच्या वाट्याला आलेली संकटे मात्र एकाहून एक दारुण होती. १६७० मध्ये काचबिंदूने त्याची दृष्टी गेली. १७ फेब्रुवारी १६७४ रोजी झालेल्या भूकंपात त्याची पत्नी सुझाना व एक मुलगी मरण पावली. त्या भूकंपाने व पाठोपाठ उसळलेल्या सागरी लाटांनी आंबोन व आसपासच्या किनाऱ्यांवर दोन हजारांहून अधिक बळी घेतले. १६८७ मध्ये लागलेल्या आगीत त्याच्या ग्रंथासाठी काढलेली चित्रे जळाली. पुढे वनस्पतींवरील ग्रंथाचे हस्तलिखित घेऊन निघालेले जहाज १६९२ मध्ये फ्रेंचांनी बुडविले. सुदैवाने बटाविया येथे त्याची एक प्रत करून ठेवलेली होती. समुद्रातील प्राण्यांवरील त्याचा ‘आंबोनचा नवलसंग्रह’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७०५ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे छापला गेला. शंखशिंपल्यांच्या अभ्यासकांना त्याचे दाखले पुढे कित्येक पिढ्या द्यावे लागले. ज्याला स्वतःला काहीच दिसत नव्हते, त्याने दुसऱ्यांच्या डोळ्यांनी आणि स्वतःच्या बोटांनी या आखाताचे पहिले व्यवस्थित वर्णन जगापुढे ठेवले, ही घटना विज्ञानाच्या इतिहासात निराळीच आहे.

एकोणिसाव्या शतकात पीटर ब्लेकर या डच लष्करी वैद्याने इंडोनेशियातील माशांचा अभ्यास हाती घेतला. एकट्या आंबोनच्या परिसरातून त्याने ७८० जातींची नोंद केली. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ डिसेंबर १८५७ मध्ये आंबोनच्या बंदरात आला तेव्हा त्याने ब्लेकरच्या या यादीचा मुद्दाम उल्लेख केला. युरोपातील सर्व नद्या व समुद्र यांत मिळून जेवढ्या जाती, जवळजवळ तेवढ्या या एका बेटापाशी आहेत, असे त्याला वाटले. नावेतून खाली पाहताना सहा ते पंधरा मीटर खोलीवरचा तळ पोवळी, स्पंज व समुद्रफुले यांनी पूर्णपणे झाकलेला त्याला स्पष्ट दिसला. शहरालगतच्या त्या किनाऱ्यावर आज असा देखावा दिसत नाही. दीडशे वर्षांत डोंगरउतारांवरची झाडी तोडली गेली, वस्ती वाढली आणि पावसाबरोबर वाहून आलेली माती बंदराच्या तळावर साचत गेली.

येथे एक गैरसमज टाळणे इष्ट आहे. आखाताचा सर्वच गाळ माणसाने निर्माण केलेला नाही. ज्वालामुखीजन्य खडकांची झीज होऊन बनलेली काळी वाळू, ओढ्यांनी आणलेली माती आणि कुजणारा पालापाचोळा यांचे उतार तेथे पूर्वापार आहेत, आणि आज ज्यांच्यासाठी पाणबुडे येतात ते जीव त्या उतारांचेच मूळ रहिवासी आहेत.

चिखलात एवढे जीवन कशामुळे?

पोवळ्यांच्या खडकावर लपण्यासाठी असंख्य कपारी असतात. गाळाचा उतार उघडा असतो. तेथे अन्नाची वाण नसते, परंतु निवाऱ्याची असते. या एका वाक्यात गाळातील प्राण्यांच्या बहुतेक विचित्र सवयींचा उगम सापडतो.

प्रथम अन्नाविषयी. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव मेल्यावर खाली पडतात. नदीनाल्यांतून पाने व काटक्या येतात. हा सर्व माल जिवाणू कुजवितात आणि त्या कामी गाळातील प्राणवायू वापरून टाकतात. त्यामुळे वरचा पातळ थर सोडला तर त्याखालचा गाळ प्राणवायूशून्य होतो व लोहाच्या गंधकयुक्त संयुगामुळे काळा पडतो. खाडीतील रेबडीत पाय रुतला असता जो उग्र वास येतो, तो याच थराचा. किडे, शिंपले आणि कोळंबीवर्गीय प्राणी या थरात बिळे करून पाणी खेळते ठेवतात, आणि त्या बिळांच्या भिंतींवाटे प्राणवायू खोलवर पोहोचतो. गाळ अशा रीतीने आतून नांगरला जातो. या नांगऱ्यांवर लहान मासे व खेकडे जगतात, आणि त्यांच्यावर दबा धरून बसणारे शिकारी.

आता निवाऱ्याची गोष्ट. काही प्राण्यांनी तो प्रश्न भागीदारीने सोडविला आहे. कोकणातील खाजणांत चिखलावर उड्या मारणारी निवटी पुष्कळांनी पाहिली असेल. निवटीचे दूरचे भाऊबंद शोभणारे गोबी नावाचे लहान मासे गाळात एका कोळंबीबरोबर राहतात. बीळ खणण्याचे व ते ढासळू न देण्याचे काम कोळंबीचे. ती दिवसभर लहानशा यंत्राप्रमाणे वाळू बाहेर ढकलीत असते. तिची दृष्टी मात्र अधू असते. म्हणून मासा दाराशी पहारा करतो, आणि बाहेर आलेल्या कोळंबीची एक मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते. संकट दिसताच मासा शेपटी थरथरवितो. कोळंबी तत्काळ आत पळते. संकट फारच जवळ आले तर मासाही डोके पुढे करून बिळात सूर मारतो. गोबी माशांच्या शंभराहून अधिक जाती अशा तऱ्हेने कोळंब्यांच्या आश्रयाने राहतात. मोबदल्याचा हा व्यवहार इतका चोख आहे की, मासा पहाऱ्यावर नसेल तर कोळंबी सहसा बिळाबाहेर पडत नाही.

काहींनी निवारा उचलून नेण्याची युक्ती काढली. करवंटीचा अष्टपाद म्हणून ओळखला जाणारा ऑक्टोपस नारळाच्या अर्ध्या कवट्या गाळातून उपसून काढतो, पाण्याच्या झोताने त्यांतील चिखल धुतो, त्या एकात एक रचून पोटाखाली घेतो आणि ताठ केलेल्या भुजांवर, जणू काठ्यांच्या पायांवर, तोल सावरीत चालू लागतो. असे चालणे त्याला अवघड जाते आणि त्या वेळी तो शत्रूला सहज दिसतो. फायदा मिळावयाचा तो नंतर, जेव्हा दोन कवट्या जुळवून तो आत बसतो तेव्हा. उत्तर सुलावेसी व बाली येथील निरीक्षणांवरून ज्युलियन फिन, टॉम ट्रेगेन्झा व मार्क नॉर्मन यांनी २००९ मध्ये हा प्रकार प्रसिद्ध केला, आणि पृष्ठवंश नसलेल्या प्राण्याने साधनाचा उपयोग केल्याचे उदाहरण म्हणून त्याची मोठी चर्चा झाली. भविष्यकाळातील उपयोगासाठी आज ओझे वाहणे याला ‘साधन वापरणे’ म्हणावे की नाही, याविषयी पंडितांत मतभेद झाले. अष्टपादाला त्याची क्षिती नाही.

उरलेल्या पुष्कळांनी स्वतःचे अंगच निवारा बनविले आहे. पिवळट सडक्या पानासारखा दिसणारा, अंगभर झालरी लोंबणारा आंबोनचा विंचूमासा हा त्यांपैकी एक होय. ब्लेकरने १८५६ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्याच्या शास्त्रीय नावात आंबोनचे नाव कायमचे गोवले. तो शेवाळाच्या झुपक्याप्रमाणे लाटेबरोबर मागेपुढे डोलत राहतो. माकुळाच्या जातीचा एक लहानसा प्राणी तळावरून पोहण्याऐवजी चालतो. एरवी तो मातकट असतो, पण डिवचला असता त्याच्या अंगावर तांबड्या, पिवळ्या व जांभळ्या रंगांच्या लाटा धावू लागतात. निळ्या कड्यांचा अष्टपाद हा तर तळहातावर मावेल एवढाच असतो. त्याच्या अंगावरील कडी चमकू लागली की ती धोक्याची खूण समजावी, कारण त्याच्या लाळेतील विषाने मनुष्याचे श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. त्यावर उतारा नाही. विषाचा अंमल ओसरेपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवणे एवढाच उपाय आहे.

गाळातील सर्व शिकाऱ्यांत बेडूकमासा सर्वांत नवलाचा. तो क्वचितच पोहतो. त्याचे छातीचे पर पायांसारखे वळलेले असून तो त्यांवर टेकून बसतो किंवा हळूहळू चालतो. पाठीवरच्या पराचा पहिला काटा पुढे सरकून कपाळावर आलेला असतो आणि त्याच्या टोकाला मांसल आमिष असते. केसाळ बेडूकमाशात ते हुबेहूब किड्यासारखे दिसते. गळ टाकून बसलेल्या कोळ्याप्रमाणे तो ते आमिष हलवीत राहतो. भुकेलेला लहान मासा जवळ आला की क्षणार्धात नाहीसा होतो. शीघ्रगती चित्रपटाच्या साहाय्याने १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, बेडूकमाशाला तोंड उघडून भक्ष्य आत ओढून घेण्यास सुमारे सहा सहस्रांश सेकंद पुरतात. पापणी लवण्यास याच्या कितीतरी पट अधिक वेळ लागतो. तोंड एकाएकी फुगल्यामुळे पाण्याचा लोट आत घुसतो व त्याबरोबर भक्ष्यही जाते. थव्यातील शेजारच्या माशांना आपल्यातील एक कमी झाल्याचे कळतही नाही.

एका माशाची ओळख पटण्यास लागलेली वर्षे

आंबोनमध्ये १९९९ ते २००२ या काळात भीषण जातीय दंगली झाल्या. त्या वर्षांत परदेशी पाणबुडे बेटाकडे फिरकत नसत. शांतता झाल्यावर हळूहळू बुड्या पुन्हा सुरू झाल्या, आणि जानेवारी २००८ मध्ये बंदराच्या अगदी उथळ भागात, पोवळ्यांच्या तुकड्यांमध्ये, स्थानिक वाटाड्यांना एक अनोळखी मासा दिसला. मुठीएवढा, अंग जिलेटिनसारखे मऊ, सपाट चेहरा, समोर पाहणारे दोन डोळे, आणि फिकट केशरी-गुलाबी अंगावर डोळ्यांपासून निघून सर्वत्र फिरलेले पांढरे पट्टे. पुष्कळ वर्षे बुड्या मारणाऱ्या त्या माणसांनीही असे काही पाहिले नव्हते. छायाचित्रे सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील थिओडोर पीट्श या तज्ज्ञाकडे गेली. तो बेडूकमासाच होता, परंतु पूर्वी वर्णन न झालेला. पीट्श, रेचेल आर्नल्ड आणि डेव्हिड हॉल यांनी २००९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला हिस्टिओफ्राइन सायकेडेलिका असे नाव दिले. डोळ्यांपुढे रंगांचे भास नाचावेत तशी त्याच्या पट्ट्यांची नक्षी आहे, असा त्या नावाचा आशय.

या माशाच्या चालीरीती जातभाईंपेक्षा वेगळ्या निघाल्या. कपाळावरची आमिषाची काठी त्याच्यात जवळजवळ लुप्त झाली आहे. तो गळ टाकून बसत नाही. अरुंद फटींत शिरून शिकार शोधतो. इतर माशांत डोळे बाजूंना असतात. याचे डोळे पुढे वळलेले असल्यामुळे दोन्ही डोळ्यांनी एकच वस्तू पाहण्याची शक्ती त्याला असावी असा तर्क आहे. आणि चालताना तो परांनी तळाला रेटा देतो, त्याच वेळी कल्ल्यांच्या लहान छिद्रांतून पाण्याचा फवारा मागे सोडतो. परिणामी तो रबराच्या चेंडूप्रमाणे उसळत, वेडावाकडा पुढे जातो. मादी आपली अंडी शेपटीने वेढून अंगाशी धरून ठेवते.

शोधाचा एक भाग अधिक बोधक आहे. या जातीचे दोन नमुने १९९२ पासून पीट्श यांच्या संग्रहात होतेच. ते अमेरिकेतील एका मत्स्यालयाकडून आले होते, परंतु मद्यार्कात ठेवल्यावर या माशाचे रंग व पट्टे थोड्याच दिवसांत नाहीसे होऊन तो पांढराफटक होतो. बाटलीतील त्या पांढऱ्या माशांत नवीन जात दडली आहे, हे जिवंत मासा गाळावर उसळताना दिसेपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही. संग्रहालयातील नमुना आणि तळावरील प्राणी या दोन्हींची गरज विज्ञानाला का असते, ते यावरून कळते.

पट्ट्यांची नक्षी प्रत्येक माशात निराळी असते व ती बदलत नाही. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे तिच्यावरून एकेक मासा ओळखता येतो. म्हणून हौशी पाणबुड्याने घेतलेले चित्रदेखील, त्यावर तारीख व ठिकाण असेल तर, मोजणीच्या कामी येऊ शकते.

बुडीची रीत

गाळात बुडी मारणे हे खोल समुद्रात उतरण्यापेक्षा सोपे वाटते, पण तसे नाही. खोली बहुधा पाच ते वीस मीटर एवढीच असते. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, त्यामुळे वीस मीटरवर पाणबुड्या पृष्ठभागाच्या तिप्पट दाबाखाली असतो आणि त्याच्या टाकीतील हवा तितक्या वेगाने संपते. १९४३ मध्ये जॅक-इव्ह कुस्तो व एमिल गान्यां यांनी तयार केलेल्या श्वसनयंत्राने मनुष्याला पाण्याखाली मोकळे फिरता येऊ लागले. आजची उपकरणे त्याचीच सुधारलेली रूपे होत.

खरे कौशल्य स्थिर तरंगण्याचे आहे. पायांतील परांचा एक चुकीचा फटका पुरे. धुरळ्याचा ढग उठून दहा मिनिटे काही दिसत नाही, आणि त्या फटक्याखाली कोणाचे बीळ ढासळले हेही कळत नाही. म्हणून पाणबुडे गुडघे वाकवून, पर वर उचलून, तळापासून हात-दीड हात अंतर राखून सरकतात. तासाभरात शंभर मीटरही जात नाहीत. बरोबर विजेरी हवीच, कारण पाणी तांबडे किरण पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते आणि लाल मासा तेथे राखी दिसतो. एवढे करूनही नवख्याला काही सापडत नाही. आकाराऐवजी विसंगती शोधावयाची असते. लाटेबरोबर न हललेले शेवाळ, वाळूत उघडझाप करणारी दोन छिद्रे, गरजेपेक्षा अधिक गोल असलेला खडा, अशा खुणा स्थानिक वाटाड्याला एका दृष्टिक्षेपात दिसतात. रुम्फिउसच्या काळी आंबोनच्या कोळ्यांचे जे स्थान होते, तेच आज या वाटाड्यांचे आहे.

दुर्मीळ म्हणजे काय?

या जीवांना दुर्मीळ म्हणण्याची प्रथा आहे, परंतु क्वचित दिसणारा प्राणी आणि संख्येने थोडा असलेला प्राणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. माशांची गणना करण्याची रूढ रीत म्हणजे दोरी आखून तिच्या दोन्ही बाजूंचे मासे मोजणे. जो प्राणी न दिसण्यासाठीच घडला आहे, तो या मोजणीत सुटतो. मार्टन दे ब्राउवर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर एक युक्ती योजली. निळ्या प्रकाशाखाली अनेक मासे हिरवे किंवा तांबडे स्फुरण दाखवितात; डोळ्यांवर योग्य गाळणी लावल्यास दडलेला मासा निखाऱ्यासारखा उठून दिसतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात ही रीत साध्या दृष्टीने केलेल्या मोजणीपेक्षा अधिक दडलेले मासे शोधून काढते असे आढळले. तथापि गाळातील बहुसंख्य जातींविषयी, त्या वाढत आहेत की घटत आहेत, हे सांगण्याइतकी माहिती अद्याप गोळा झालेली नाही. संरक्षणाच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी उणीव होय. पोवळ्यांच्या बनांकडे सरकारे व संशोधक जेवढे लक्ष देतात, त्याचा अल्पांशही गाळाच्या वाट्याला येत नाही.

हा विषय केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार आग्नेय आशियात गाळातील बुड्यांसाठी दरवर्षी एक लाखाहून अधिक पाणबुडे येतात व त्यांतून १५ कोटी डॉलरांहून अधिक उलाढाल होते. सुलावेसीची लेंबे सामुद्रधुनी, फिलिपाइन्समधील आनिलाओ आणि आंबोन ही त्यांतील नामांकित ठिकाणे. किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांची चूल त्यावर पेटते. परंतु पैशाबरोबर मोहही येतो. चांगले चित्र मिळावे म्हणून काठीने मासा ढोसणे, त्याला उघड्यावर आणून बसविणे असे प्रकार घडतात. प्रखर प्रकाशझोताने माशांचे डोळे जातात काय, याचीही तपासणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत झोतामुळे डोळ्यांना इजा झाल्याचे दिसले नाही. मात्र हात लावल्याने किंवा हलविल्याने प्राण्यांच्या वर्तनावर सर्वांत तीव्र परिणाम होतो असे आढळले.

आंबोनच्या बाबतीत मोठा धोका पाणबुड्यांकडून नसून किनाऱ्याकडून आहे. गाळात राहणाऱ्याला कोणताही गाळ चालतो, हा समज चुकीचा आहे. पावसाळ्यात उघड्या डोंगरावरून लोटाने आलेली बारीक माती बिळे बुजविते, अंडी गुदमरविते आणि वाळूच्या कणांमधील पाणी खेळण्याची जागा भरून टाकते. आतल्या आखातात ही क्रिया अधिक जाणवते, कारण सुरुवातीस सांगितलेल्या उथळ उंबरठ्यामुळे तेथील पाण्याची बाहेरच्या पाण्याशी अदलाबदल मंद गतीने होते. जे आत आले ते सहजासहजी बाहेर जात नाही. १९९४ मध्ये या आखातात पायरोडिनियम या सूक्ष्म जीवाची एकाएकी विषारी वाढ झाली आणि शिंपले खाल्ल्यामुळे काही जणांना प्राण गमवावे लागले. या जीवाचे कवचबंद बीजरूप तळाच्या गाळात दीर्घकाळ सुप्त पडून राहते व अनुकूल वेळ येताच पुन्हा जागे होते. आखाताचा गाळ ही अशी दुहेरी पेढी आहे. तिच्यात दुर्मीळ प्राण्यांची ठेव आहे तशीच विषाचीही.

शहरातून वाहून येणाऱ्या कचऱ्याचा प्रश्न वरवर वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. पिशव्या व वेष्टने तळावर पसरली की त्यांखालील गाळाचा श्वास कोंडतो. याउलट बाटल्या, डबे व फुटकी भांडी यांत निवाऱ्यावाचून असलेले प्राणी घर करतात. जगभरच्या पाणबुड्यांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अष्टपादांच्या २४ जाती माणसाने टाकलेल्या वस्तूंचा उपयोग करताना आढळल्या, आणि त्या वस्तूंत काचेच्या वस्तू सर्वाधिक होत्या. यावरून कचरा उपकारक आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे पुरात वाहणाऱ्याने ओंडका धरला म्हणून पुराचे आभार मानण्यासारखे होईल. पूर्वी शंख, शिंपले व करवंट्या हेच काम करीत. शंखांचा व्यापार आणि खाण्यासाठी होणारा उपसा यांमुळे ती नैसर्गिक घरे जेथे कमी होतात, तेथे बाटलीला मागणी येते. शिवाय बाटलीबरोबर आतल्या प्राण्याला आणखी काय मिळते, रंग, तेल की जस्त-शिशाचा अंश, हे पाहावे लागते.

यामुळे समुद्रतळ साफ करण्याच्या मोहिमांतही सरसकट सर्व काही उचलण्याची पद्धत आता सोडून देण्यात येते. पिशव्या, दोर व जाळी आधी काढतात. बाटली किंवा डबा हाती आला तर तो विजेरीच्या उजेडात आतून पाहिला जातो. आत मासा, खेकडा वा अष्टपाद असेल, अथवा भिंतीला तांदळाच्या दाण्यांएवढ्या पारदर्शक अंड्यांचे झुपके चिकटलेले असतील, तर ती वस्तू होती तशीच, तोंड त्याच दिशेस ठेवून, पुन्हा गाळावर टेकविली जाते.